आ म्हणजे आवक

जुनी वस्तू विकणं सोपं असतं. फुकट देणं महाकठीण. पटत नसेल तर एकदा शंभरेक जुन्या कॉम्प्युटर चिपा फुकट देऊन बघा, आणि देऊन झाल्यावर बायकोच्या नजरेला नजर भिडवून दाखवा. मग आपण बोलू.

मी इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणाऱ्या कारखान्यात एकोणतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. लोक म्हणतात, 'ते गोदामात होते.' गोदामात उंदीरसुद्धा असतात. मी स्टोअरमध्ये होतो, आणि माझ्या सहीशिवाय तिथून खिळा हलत नसे. कारखाना बंद झाला त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी चिपांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे तुम्हीच न्या, इथं आता कोण विचारतंय!" मी तो माझा सत्कार समजलो. तेव्हापासून बावीस वर्षं डबा आमच्या माळ्यावर होता. बायको त्याला झुरळांचा डबा म्हणते. चिप म्हणजे काळी चपटी पट्टी आणि दोन्ही अंगांना बारीक पायांची रांग, तेव्हा उपमा अगदीच चुकीची नाही. पण ही स्वतः त्याच कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तिने तरी असं बोलायला नको होतं.

माळ्यावर नवीन फळ्या ठोकायच्या निघाल्या आणि हिने फर्मान काढलं, "अहो, महिनाअखेरपर्यंत झुरळं गेली नाहीत तर मी भंगारवाल्याला हाक मारणार."

भंगार! एकोणतीस वर्षांच्या नोकरीचा माझ्याकडे उरलेला एकुलता एक पुरावा, आणि तो हातगाडीवरून फुटक्या बादल्यांच्या सोबतीने जाणार? मला रात्रभर झोप लागली नाही म्हणेन, पण ते खोटं होईल. दुपारची लागली नाही.

मग मला कळलं की जगात जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा चालती करणारी मंडळी असतात, त्यांचा इंटरनेटवर एक मेळावाच असतो आणि या मेळाव्याला जुन्या चिपा म्हणजे जीव की प्राण. लगेच मी जाहिरात लिहिली. भाषा अर्थातच स्टोअरची. 'विनामूल्य देणे आहे. वजनकाट्यांच्या कारखान्यातील जुन्या चिपा, नग एकशे बारा, स्थिती उत्तम, कोरड्या जागी साठवलेल्या. गरजूंनी लेखी मागणी करावी.'

गरजूंनी लेखी संशय घेतला. "फुकट का? चोरीच्या आहेत का?" हा पहिला. "खऱ्या आहेत याला पुरावा काय?" हा दुसरा. तिसऱ्याला चिपांच्या पाठीवर छापलेले आकडे हवे होते. त्यावरून चिप कुठल्या सालातल्या कितव्या आठवड्यात तयार झाली ते कळतं, आणि त्याच्या यंत्राचा जन्म पंचविसाव्या आठवड्यातला असल्याने त्याआधीचीच चिप त्याला चालणार होती. चौथ्याने नुसतंच विचारलं, "पाय सरळ आहेत की वाकडे? बाजूनेही फोटो पाठवा." हा निरोप फोनवर आधी बायकोने वाचला. तिला खुलासा करण्यात माझी अर्धी सकाळ गेली. आमचं लग्न ठरतानासुद्धा माझ्याबद्दल इतकी चौकशी कोणी केली नव्हती.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राचार्य राहतात. त्यांनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. रेडिओचं मागचं झाकणही कधी उघडलेलं नसल्यामुळे ते इलेक्ट्रॉनिक्सवर अगदी मोकळेपणाने बोलू शकतात. जाहिरात वाचून ते म्हणाले, "विनामूल्य हा शब्द काढा. त्याने वस्तूची किंमत जाते. 'केवळ निवडक जाणकारांसाठी' असं घाला." घातलं. त्यानंतर जे चार जण विचारत होते तेही बंद झाले. कोणी स्वतःला निवडक समजेना.

आणि अशात एका दुपारी फोन आला. एका बाईचा.

"काका, तुम्ही बोलक्या काट्यांच्या कारखान्यात होता का हो?"

मी खुर्चीत ताठ बसलो. बोलका काटा! आमच्या कारखान्याचं नाक. माणूस वर उभा राहिला की काटा बाईच्या आवाजात सांगायचा, 'आपले वजन पासष्ट किलो. धन्यवाद.' बसस्थानकांवर, दवाखान्यांत लोक रांगा लावून ऐकायचे. ही बाई पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत काम करत होती आणि सुट्टीच्या दिवशी जुनी यंत्रं दुरुस्त करत होती. मी मनातल्या मनात तिचं नाव दुरुस्तीबाई ठेवलं. तिला एक बोलका काटा एका पडक्या प्रतीक्षालयात सापडला होता. तिने तो पुरा चालता केला होता, फक्त तो बोलत नव्हता. तीन आठवड्यांनी त्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं.

"आवाज चिपांमध्ये साठवलेला असतो, काका. माझ्या काट्यातल्या कोणीतरी काढून नेल्यात. तुमच्याकडे असतील तर…"

आता इथे मला कबूल केलं पाहिजे की आवाज चिपेत असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी समजत होतो, तो कर्ण्यात असतो. मालाच्या आत काय आहे ते बघणं हे स्टोअरकीपरचं काम नाही. नग बरोबर आहेत ना? झालं.

पण तो आवाज कुणाचा हे मला पक्कं माहीत होतं. आपल्या भाषेत एक ते शंभर हे सगळे आकडे स्वतंत्र. दहा-वीस शब्द जोडून कुठलाही आकडा बनवावा तर आपल्याकडे एकोणसाठ आहे, त्रेसष्ट आहे, एकोणऐंशी आहे. कोणी कोणाचं ऐकत नाही. आमच्या इंजिनिअरने कपाळावर हात मारला आणि शंभरच्या शंभर आकडे एकेक करून बोलून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी टेलिफोनवरच्या मुलीला बोलावलं. एक संपूर्ण दुपार ती बंद खोलीत आकडे म्हणत होती आणि मी शेजारी स्टोअरच्या खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. सत्तेचाळिसाच्या आसपास मी तिच्याशी लग्न करायचं ठरवलं.

चार वर्षांपूर्वी हिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि जाताना आवाज घेऊन गेली. आता ती बोलते ते घोगरं, तुटक तुटक. फोनवर लोक तिला 'बोला साहेब' म्हणतात. त्यामुळे हिने फोन उचलणंच सोडलं. जिने पंधरा वर्षं अख्ख्या कारखान्याचे फोन जोडून दिले, ती आता फोन वाजला की मला हाक मारते. मला ते बघवत नाही. आणि तिच्या जुन्या आवाजाची एक टेपही घरात नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट टेप करून ठेवायची असते हे आधी कुणाच्या डोक्यात येतं?

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की हिला काही सांगायचं नाही, प्रदर्शनाला न्यायचं, काट्यावर उभं करायचं आणि तिचा आवाज तिला परत द्यायचा. डब्याचीही इज्जत राहील आणि माझीही.

"काका, खिडकीवाल्या चिपा बघा," दुरुस्तीबाई सांगत होती. "मधोमध काचेची गोल खिडकी असते, वर कागद चिकटवलेला असतो. सापडल्या तर आहेत तशा पाठवा. काहीही करू नका."

काहीही करू नका! एकोणतीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून मळका नग बाहेर गेला नाही आणि माझ्या स्वतःच्या बायकोचा आवाज मी धुळीसकट पाठवू? बाई लहान आहे, चालायचंच, असं म्हणून मी डबा उपसला. पाच चिपा निघाल्या. प्रत्येकीच्या खिडकीवर पिवळा पडलेला, तेलकट कागद, आणि त्यावर शाईने लिहिलेलं: आ-१, आ-२ असं आ-५ पर्यंत. मला हसू आलं. स्टोअरमध्ये अक्षरं दोनच. आ म्हणजे आवक, जा म्हणजे जावक. या मालाची आवक वहीत चढून चाळीस वर्षं झाली, आता त्या कागदांचा काय उपयोग?

मी कागद काढायला बसलो. कोमट पाणी, नख, मग बायकोची नखांचा रंग पुसायची बाटली, अर्धीच उरलेली. निघालेले कागद मी एका पाकिटात घालून ठेवले, कारण स्टोअरकीपर कागद फेकत नाही. काच अशी लखलखली की आतला सोनेरी ठिपका दिसायला लागला. मग नियम क्रमांक चौदा: 'दीर्घकाळ साठवलेल्या मालास कोरडे ऊन दाखवावे.' हा नियम आम्ही गोणपाटाला आणि रबराच्या चकत्यांना लावत असू, पण नियमात 'माल' असं म्हटलंय, गोणपाट असं म्हटलेलं नाही.

नऊ दिवस. सकाळी दहा ते दुपारी चार. गच्चीवर स्टीलच्या ताटात पाच चिपा, खिडक्या वर, म्हणजे आतला दमटपणा बाहेर पडायला वाट. प्राचार्य स्वतःची खुर्ची घेऊन येऊन बसले आणि कावळे हाकलू लागले.

"उन्हासारखं औषध नाही," ते म्हणाले. "मी तर म्हणतो, तिसऱ्या दिवसानंतर जागा बदला. पूर्वेकडे जास्त चांगलं मिळतं." आम्ही जागा बदलली. पूर्वेकडे खरंच जास्त चांगलं मिळत होतं.

"गच्चीवर काय वाळत घातलंय?" हिने विचारलं.

"कळेल," मी म्हणालो. मी इतका खूश होतो की दहाव्या दिवशी पार्सल कचेरीत पोहोचेपर्यंत शीळ घालत होतो.

पार्सल कचेरीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. त्यात रकाना होता: 'वस्तू चालू / बंद, नको ते खोडा.'

"चालू का बंद?" तो म्हणाला.

"चिप आहे ती. यंत्रात बसवल्यावर चालू."

"म्हणजे आत्ता बंद."

"बंद नाही. आत्ता नुसती आहे."

"नुसती असा रकाना नाही. चालू असेल तर खरेदीची पावती लागेल. बंद असेल तर तो इलेक्ट्रॉनिक कचरा, त्याला परवाना लागेल."

"कचरा?" मी म्हणालो. माझा आवाज बहुधा चढला असावा, कारण मागच्या रांगेतला माणूस दोन पावलं मागे सरकला. "आत काय आहे माहीत आहे का तुम्हाला? माझी बायको आहे आत."

कारकुनाने चष्मा काढला, पुडकं हातात घेऊन हलवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "ज्वलनशील आहेत का?"

मी पुडकं उचललं आणि तडक बस पकडली.

दुरुस्तीबाईची खोली एका सायकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतभर तारा, उघडी यंत्रं, आणि मधोमध तो. बोलका काटा. पुरुषभर उंच, नवा निळा रंग दिलेला, काच चमकतेय. मला गहिवरून आलं. मी कापसात गुंडाळलेल्या पाच चिपा तिच्यापुढे ठेवल्या आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

तिने एक चिप उचलली. "काका, वरचा कागद?"

"काढला. स्वच्छ करून घेतलं सगळं."

"आणि मग उजेडात नाही ना ठेवल्या कुठे?"

"उजेडात? नऊ दिवस कडक ऊन दाखवलंय!"

ती स्टुलावर बसली. खरं तर स्टूल थोडं बाजूला होतं, ती पडता पडता बसली.

"काका," ती हळूच म्हणाली, "ती खिडकी पुसण्यासाठीच असते. आतलं पुसून टाकायचं असलं की त्या काचेतून विशिष्ट किरण सोडतात. उन्हात ते असतात. म्हणून तर वर कागद लावतात."

तिने पहिली चिप वाचणाऱ्या यंत्रात बसवली. रिकामी. दुसरी रिकामी. तिसरी रिकामी. पाचवीत 'आपले वजन', 'किलो' आणि 'धन्यवाद' होतं असं तिच्याकडच्या काट्याच्या जुन्या आराखड्यात लिहिलेलं होतं. तीही रिकामी. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. माझ्या बायकोचा आवाज मी ताटात घालून, जागा बदलून बदलून, कावळ्यांपासून जपत, स्वतःच्या हातांनी पुसून टाकला होता. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी जेवढा शिल्लक ठेवला होता त्यापेक्षा मी कमी ठेवला.

चौथ्या चिपेला मात्र यंत्र अडखळलं. दुरुस्तीबाईने ती काढून भिंगाखाली धरली. कागदाचा वरचा पापुद्राच निघाला होता, खालचा काळा थर काचेवर तसाच चिकटून होता. बाटली संपल्यामुळे माझ्या नोकरीतलं हे एकमेव काम अर्धवट राहिलं होतं. त्या चिपेत शहात्तर ते शंभर होतं. तेवढं वाचलं.

घरी आलो आणि हिच्यापुढे सगळं ओकलो. काटा, आवाज, ऊन, नियम क्रमांक चौदा, सगळं. तिने ते कागदाचं पाकीट तेवढं मागून घेतलं, आतले तुकडे टेबलावर मांडले आणि एकावर बोट ठेवलं.

"आ म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

"आवक."

"आवाज," ती म्हणाली. "इंजिनिअरने मलाच लिहायला लावले होते. हे अक्षर माझं आहे."

मी वाकून पाहिलं. तिचंच होतं. तो आ, खालून उगाच गिरकी घेणारा. किराणा मालाच्या यादीवर, दूधवाल्याच्या चिठ्ठीवर, दाराला लावलेल्या 'आत्ता येते' वर, चाळीस वर्षं मी तो रोज बघत आलोय. आणि मी तो नखाने खरवडून काढला होता. मला रडू आलं. बरं, रडावं तर तिलाच माझी समजूत घालावी लागणार, म्हणजे तिचाच त्रास. मी नळ सोडून तोंड धुतलं.

"प्रदर्शनाला मी येणार," ती म्हणाली. "पंचवीस तर पंचवीस."

प्रदर्शनाचा हॉल माणसांनी भरला होता. दुरुस्तीबाईने काट्यावर पाटी लावली होती: 'हा काटा फक्त शहात्तर ते शंभर किलोंच्या माणसांशी बोलतो.' कारण लिहिलं नव्हतं. मी तिचे मनोमन आभार मानले. प्राचार्यांना आम्ही बोलावलं नव्हतं, ते आले होते, आणि सगळ्यात आधी काट्यावर तेच चढले.

काटा खरखरला, आणि कर्ण्यातून चोवीस वर्षांच्या मुलीचा मऊ, स्वच्छ आवाज आला, "ब्याण्णव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी मान लववून त्या स्वीकारल्या, जणू ब्याण्णव गुण मिळाले होते. मग ते खाली उतरले आणि पुन्हा चढले. "ब्याण्णव." पुन्हा. "ब्याण्णव." माझी बायको माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्याशी लाडात बोलत होती आणि मी रांगेत उभा होतो. गच्चीची पूर्व बाजू कोणी सुचवली होती ते मला आठवलं. मी दात आवळले.

हिचा हात गळ्याशी गेला होता. "ब्याण्णव म्हणताना मी हसतेय, ऐकलंत?" ती म्हणाली. "त्या इंजिनिअरने काहीतरी विनोद केला होता."

हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं.

माझी पाळी आली. मी चढलो. काचेत अडुसष्टचा आकडा उमटला. कर्ण्यात नुसती खरखर. मी उड्या मारून पाहिल्या. आकडा हलला, आवाज नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, दोन महिने नीट जेवा आणि मग या." सगळे हसले. मी खाली उतरलो, इकडेतिकडे पाहिलं, शेजारच्या टेबलाखाली कुठल्याशा यंत्रातून काढलेला लोखंडी ट्रान्सफॉर्मर पडला होता. तो पोटाशी धरला आणि पुन्हा चढलो.

"अठ्ठ्याहत्तर," काटा म्हणाला.

आपले वजन नाही, किलो नाही, धन्यवाद नाही. नुसतं अठ्ठ्याहत्तर. पण तीच, खिडकीतून ऐकलेली. मी उतरलो आणि पुन्हा चढलो. "अठ्ठ्याहत्तर." ट्रान्सफॉर्मरची कड पोटात रुतत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रांगेतले लोक कुरकुरायला लागले होते. कुरकुरू देत. प्राचार्य तीन वेळा चढले तेव्हा कुठे गेली होती यांची शिस्त?

ही काट्याजवळ आली. "खोटं सांगतेय ती," आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही अडुसष्टच आहात. ठेवा ते खाली, पाठ धरेल."

"आणखी एकदाच," मी म्हणालो.

उतरलो, चढलो. काटा या वेळी उगाचच रेंगाळला. नुसती खरखर येत राहिली. मी कान देऊन उभा होतो.

"अठ्ठ्याहत्तर," ही म्हणाली.

मी ट्रान्सफॉर्मर खाली ठेवला.